पायांचा रकाना

२ मार्च

भावजी,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून कपाळाला आठी पडली असेल. ती राहू द्या, पण पत्र फाडण्याआधी वाचा. तीनदा फोन केला. तिन्ही वेळा तुमच्या चष्म्याच्या दुकानातल्या बाई म्हणाल्या, 'ते काचा घासतायत.' अकरा वर्षं एवढ्या काचा घासताय म्हणजे तुमच्या गावातल्या म्हाताऱ्यांना आता चंद्रावरचे खड्डे मोजता येत असतील.

ह्यांना नोव्हेंबरात झटका आला, हे उडत उडत कळलं असेलच. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तीस वर्षं दुकानादुकानांत जाऊन वजनं-मापं तपासणारा माणूस, एका ग्रॅमची सूट कुणाला दिली नाही, आणि आता पाणी हवंय हेही सांगता येत नाही. तेही मी सोसलं. अंग पुसलं, कूस बदलली, शिलाईचं मशीन त्यांच्या खोलीत आणलं आणि गिऱ्हाइकांचे पडदे तिथेच बसून शिवले. पण गेल्या आठवड्यापासून त्यांनी अन्न सोडलंय. चमचा पुढे केला की ओठ मिटतात आणि भिंतीकडे तोंड फिरवतात. चार घोट पाणी घेतात, तेवढंच. डॉक्टर म्हणाले, 'गिळता येतंय, पण गिळायचं नाहीये.' नळी घातली तर डाव्या हाताने ओढून काढली. असंच चाललं तर तीन आठवडे, फार तर महिना.

परवा त्यांनी डावा हात उचलून कपाटाचा खालचा खण दाखवला. पक्षीनिरीक्षक मंडळाच्या नोंदींच्या फायली. मी एकेक काढून डोळ्यांपुढे धरत गेले, मान नाही-नाही. शेवटी तळाशी तुमचा तो फॉर्म निघाला, पिवळ्या भुवईच्या वटवट्याचा. तो पाहिला आणि त्यांनी हात खाली टेकवला. डोळ्यांतून पाणी आलं. झटक्यानंतर डोळ्यांना उगाचच पाणी येतं म्हणतात. पण हे उगाच नव्हतं.

एवढ्या पसाऱ्यातून ज्याला तुमचाच कागद हवा होता, त्याच्या मनात काय आहे हे मला कुणी समजावून सांगायला नको. या. भांडायला या हवं तर, पण या. माझ्याच्याने आता एकटीने होत नाही.

वहिनी


७ मार्च

वहिनी,

पत्र फाडलं नाही. दोनदा वाचलं. दादाचं कळलं होतं, कुणाकडून ते विचारू नका. वाईट वाटलं. तुमच्यासाठी जास्त वाटलं.

पण त्या कागदाबद्दल तुम्हाला अर्धंच माहीत आहे. तळ्याच्या तिसऱ्या बांधावर, लव्हाळ्यात, वीस पावलांवर तो पक्षी मला दिसला होता. मंडळाच्या यादीत तो आधी एकदाही नव्हता. मी फॉर्म भरला, एकूण एक रकाना भरला. आणि नोंदी तपासणारा कोण, तर माझा सख्खा भाऊ. त्याने सभेत चाळीस माणसांसमोर फॉर्म वाचला, त्यावर 'अमान्य' असा शिक्का मारला आणि वर म्हणाला, 'चष्म्याच्या दुकानात बसणाऱ्यांनी आधी स्वतःचे डोळे तपासून घ्यावेत.' चाळीस माणसं हसली. पुढे वर्षभर कुणीही दुकानात आलं की पहिला प्रश्न, 'काय, आज पिवळी भुवई दिसली का?' त्या गावात मी तोंड लपवून किती दिवस राहायचं? म्हणून इथे आलो.

त्या फॉर्मवरचं अक्षर न् अक्षर खरं आहे. हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन.

त्याला बोलता येत नाही, पण मान तर हलते ना? मग एकदा विचारा, 'तो पक्षी तिथे होता का?' त्याने 'हो' म्हणून मान हलवली आणि तुम्ही ती पाहिलीत, की मी दुसऱ्या दिवशी तुमच्या दारात उभा असेन. तेवढं झाल्याशिवाय मला बोलावू नका.

धाकटा


११ मार्च

भावजी,

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. माझ्या नशिबी एकाच घरातले दोन सुंभ आले.

विचारलं त्यांना, तुमच्याच शब्दांत. त्यांनी मान हलवली नाही, होकाराची नाही आणि नकाराचीही नाही. छताकडे बघत राहिले. मी पुन्हा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं, शेवटी ओरडले. आजारी माणसावर ओरडले मी. मग मशीनवर बसून एका पडद्याची शिलाई उलटी मारली आणि सगळी उसवत बसले.

शेजारच्या नर्सबाई सकाळी तासभर ह्यांच्यापाशी बसायला तयार आहेत. उद्यापासून मी तळ्यावर जाणार. ह्यांची दुर्बीण आहे, ह्यांचा स्वेटर आहे, पक्षी बघायला बसायची लाकडी खोपी कुठे आहे तेही माहीत आहे. पक्षी काय फक्त तुम्हा दोघांच्या मालकीचे आहेत? तो होता म्हणता, तर पुन्हा येईल. मी शोधते.

आज त्यांनी फक्त तीन घोट पाणी घेतलं.

वहिनी


१६ मार्च

भावजी,

दिसला!

काल सकाळी, तिसऱ्या बांधावर. नीट वाचा. आकार चिमणीपेक्षा किंचित लहान. पाठ हिरवट तपकिरी, पोट मळकट पांढरं. भुवई ठळक पिवळी, चोचीपासून मानेपर्यंत गेलेली. पंखावर दोन फिकट पट्ट्या. पाय गुलाबी. शेपूट सतत खालीवर. आवाज बारीक, चढत जाणारा, शेवटी तुटणारा.

घरी येऊन ह्यांना सांगितलं आणि तुमचा प्रश्न पुन्हा विचारला. त्यांनी मान हलवली. 'हो' म्हणून. मी पाहिली.

तुमची अट पुरी झाली. आता शब्द पाळा. त्यांची हाडं वर आली आहेत. कूस बदलताना मला भीती वाटते.

वहिनी


२० मार्च

वहिनी,

तुमचं पत्र दुकानात उभ्या उभ्या वाचलं. बाईंना म्हणालो, मी चाललो, कधी येईन माहीत नाही. पिशवीत दोन शर्ट कोंबले आणि बसमध्ये जाऊन बसलो. अकरा वर्षांत एवढा आनंद झाला नव्हता. बस सुटल्यावर पत्र पुन्हा काढलं, म्हटलं चवीने वाचू. आणि पुढच्याच थांब्यावर उतरलो.

तीन दिवस झाले उतरून. लिहायचा धीर आज झाला.

तुम्ही लिहिलंय, पाय गुलाबी.

मी त्या पक्ष्याचे पाय पाहिलेच नव्हते. तो लव्हाळ्यात पोटापर्यंत बुडालेला होता. बाकी सगळं दिसलं, भुवई दिसली, पट्ट्या दिसल्या, आवाज ऐकला, शपथ घेऊन सांगतो. पण फॉर्मवर पायांच्या रंगाचा रकाना होता आणि तो रिकामा बघवेना. वाटलं, एक रकाना रिकामा राहिला तर दादा म्हणेल, अर्धवट काम. म्हणून घरी येऊन एका पुस्तकातल्या दुसऱ्याच वटवट्याच्या चित्रावरून लिहून टाकलं, 'गुलाबी'. ह्या जातीचे पाय गुलाबी नसतातच, करडे असतात, हे मला पुढे दोन वर्षांनी कळलं. जगात ह्या पक्ष्याला गुलाबी पाय फक्त एका कागदावर आहेत आणि तो तुमच्या कपाटात आहे.

म्हणजे तुम्ही तो पक्षी पाहिला नाहीत. माझ्या फॉर्मवरून उतरवून काढलात.

मी रागावलेलो नाही. कुठल्या तोंडाने रागावू? कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. सभेच्या दोन दिवस आधी दादाने मला फाटकापाशी एकट्याला गाठून विचारलं होतं, 'पाय पाहिलेस का?' मी म्हणालो, 'पाहिले.' तो माझ्याकडे बघत राहिला आणि निघून गेला. त्याला कळलं होतं. अकरा वर्षं मी जगाला सांगत फिरलो की भावाने मला खोटं पाडलं. मी खोटाच होतो.

आता कसा येऊ? अपमान झालेला भाऊ म्हणून येणं सोपं होतं. तो मरणाच्या दारात आहे आणि मी त्याला सांगू काय? त्यापेक्षा नाही आलो तर निदान त्याला मला बघावं लागणार नाही. तुमची शिव्याशाप देणारी पत्रं आली तरी मी समजून घेईन.

धाकटा


२३ मार्च

भावजी,

शिव्या द्यायला माझ्यात ताकद नाही. ती उरली असती तर नक्की दिल्या असत्या.

हो, उतरवून काढलं. आणि ताकाला जाऊन भांडं लपवत नाही, सगळंच सांगते. त्यांनी मान हलवली हेही खोटं. खोट्याच्या कपाळी गोटा, तो कसा बसला ते ऐका. मी ह्यांना सांगितलं, पक्षी दिसला, पाय गुलाबी होते. त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की छत्तीस वर्षांच्या संसारात कधी टाकली नव्हती. ते रागावले असते तर चाललं असतं. ते निराश झाले. तेव्हापासून माझ्या हातचं पाणीही घेत नाहीत. नर्सबाई कापूस ओला करून ओठांना लावतात, तो त्यांच्या हातून चालतो. मी जवळ गेले की भिंत. माझा नवरा मरायला टेकलाय आणि मला त्याच्या तोंडात पाणी घालता येत नाही. हे मी माझ्या हाताने करून ठेवलं.

तुमचं पत्र वाचल्यावर तो फॉर्म पुन्हा काढला. तो पुठ्ठ्याला टाचलेला होता, म्हणून मागची बाजू मी बघितलीच नव्हती. मागे त्यांच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलंय, सभेच्या आधीची तारीख घालून. जसंच्या तसं देते:

'पक्षी तोच असावा. वर्णन नीट, आवाजही बरोबर. पायांचा रकाना वेगळ्या शाईत, मागाहून भरलेला. विचारलं. पाहिले म्हणाला. नाही म्हणाला असता तर मान्य केलं असतं.'

आणि त्याखाली पेनाने, बहुतेक गेल्याच वर्षी, झटक्याच्या आधी:

'चाळीस जणांसमोर म्हणायला नको होतं.'

वाचलंत? तुमचा पक्षी त्यांनी कधीच नाकारला नव्हता. आणि तुम्ही म्हणता, कुठल्या तोंडाने येऊ. आहे त्याच तोंडाने या! दुसरं आणणार कुठून?

एक गोष्ट राहिली. तुम्हाला सांगून उपयोग नाही, पण कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. पंधरा तारखेला मी खोपीत बसले होते ते खरं आहे. चार दिवसांत पिवळं काहीही दिसलं नव्हतं. ह्यांचा स्वेटर घातला होता, तीनदा रफू केलेला, मनगटाशी उसवलेला. खिडकीच्या फटीवर हात टेकून रडत होते. आवाज न करता रडायची आता सवय झाली आहे, म्हणून तो घाबरला नसावा. एक भुरं पाखरू फटीवर येऊन बसलं आणि मग सरळ माझ्या मनगटावर.

मी हात हलवला नाही. वजन म्हणाल तर दोऱ्याच्या रिकाम्या रिळाएवढं. पाठ जुन्या खाकीच्या रंगाची, प्रत्येक पिसाला फिकट काठ. छाती विटकरी, पण खूप धुऊन रंग गेलेल्या कापडासारखी. डोळा काळा टिचबटण. पाय काळे, सुईएवढे बारीक. ते मी नीट पाहिले भावजी, माझ्याच हातावर होते. त्याने स्वेटरचा सुटलेला धागा चोचीत धरला आणि ओढला. निघेना. पुन्हा ओढला. मग पाय रोवून असा हिसका दिला की टीचभर लोकर निघून आली. मी मनात म्हणत होते, 'ने बाई, सगळा उसवून ने.' धागा घेऊन ते समोरच्या पाणकणसावर गेलं आणि तिथून दोन गोटे एकमेकांवर आपटावेत तसं टक्-टक् करत राहिलं. आणि मला त्या अर्ध्या मिनिटात, फक्त तेवढ्या वेळात, घरी काय वाट बघतंय ते आठवलं नाही.

पण असल्या भुऱ्या पाखरासाठी तुम्ही बसमध्ये चढला नसतात. म्हणून घरी येऊन तुमचा फॉर्म काढला.

हे मी ह्यांना सांगितलेलं नाही. एकदा खोटं बोलल्यावर खरं कोण ऐकतं?

वहिनी


२५ मार्च

वहिनी,

आजची बस सुटली. उद्याची आहे, परवा शुक्रवारी सकाळी पोचतो. हे पत्र आजच्या टपालाने जातंय, माझ्या आधी येईल. आलं की दादाच्या कानाशी बसून मोठ्याने वाचा. तो भिंतीकडे वळला तरी वाचा. कान वळवता येत नाहीत.

दादा, पाय दिसले नव्हते. रकाना मी घरी येऊन भरला. तू विचारलंस तेव्हा खोटं बोललो. तू बरोबर होतास आणि मी अकरा वर्षं तुझ्यावर रुसून बसलो, कारण स्वतःवर रुसून बसणं जमेना. मी येतोय. थांब.

वहिनी, तुमचं पाखरू म्हणजे गप्पीदासाची मादी. घरट्यासाठी लोकर नेत होती. इतका साधा पक्षी की मंडळात कुणी त्यासाठी दुर्बीण डोळ्याला लावत नाही. पण तेवीस वर्षं मी आणि त्याहून जास्त दादा त्या तळ्यावर बसलो, आमच्या अंगावर एकदाही पाखरू बसलं नाही. तुमच्या वर्णनात एक शब्द इकडचा तिकडे करायला जागा नाही. ते त्याला सांगा. तो आयुष्यभर खऱ्या-खोट्याचं वजन करत आलाय, त्याला खरं ऐकलं की कळेल.

त्याच्या तोंडात पाणी घालायचा प्रयत्न सोडू नका.

धाकटा


शुक्रवार, दुपारी पावणेतीन
तुमच्याच स्वयंपाकघरातून

वहिनी,

तुम्ही बाहेरच्या खोलीत झोपला आहात आणि मी चार पावलांवर बसून तुम्हाला पत्र लिहितोय. हसण्यासारखं आहे. पण दोनदा तुमच्यापाशी येऊन उभा राहिलो आणि दोन्ही वेळा परत इथे येऊन बसलो.

दादा गेला.

तुम्हाला लगेच उठवायला हवं होतं. वीस मिनिटं झाली. रागवा माझ्यावर, तुमचा हक्कच आहे. सकाळी तुम्ही दार उघडलंत, पेजेची वाटी माझ्या हातात दिलीत, 'बसा त्यांच्यापाशी' म्हणालात आणि एका पायात चप्पल तशीच ठेवून झोपी गेलात. नर्सबाई म्हणाल्या, चार दिवसांत तुम्ही पाठ टेकली नव्हतीत. डॉक्टरांना फोन केलाय, ते साडेतीनला येतील. त्याआधी तुम्ही उठलात तर हे टेबलावर दिसेल.

काय घडलं ते क्रमाने लिहितो.

त्याने मला ओळखलं. पत्रात लिहिलं होतं तेच मी पुन्हा तोंडाने सांगितलं, कारण तुम्ही काल वाचून दाखवलंत तेव्हा त्याचे डोळे मिटलेले होते असं तुम्ही दारातच म्हणालात. आज उघडे होते. माझं बोलून झाल्यावर त्याने तोंड उघडलं. मला वाटलं काही बोलायचंय. मग कळलं, चमच्यासाठी उघडलंय. चार चमचे पेज त्याने घेतली. पाचवा ओघळला.

मग मी त्याला तुमच्या गप्पीदासाचं सांगितलं. स्वेटर, धागा, टक्-टक्, काळे पाय, सगळं. त्याने डावा हात चादरीवर दोनदा आपटला. 'मान्य' म्हणून की 'मला माहीत होतं' म्हणून, की नुसताच, हे मी सांगू शकत नाही. त्यानंतर त्याने मान भिंतीकडून दाराकडे वळवली, तुम्ही झोपला आहात त्या खोलीच्या दाराकडे. अशी वळवली की मानेच्या शिरा ताणल्या. मी म्हणालो, 'वहिनींना हाक मारू?' त्याने डोळ्यांनी 'नको' म्हटलं आणि तिकडेच बघत राहिला. बराच वेळ. हे मी समोर बसून पाहिलं आहे.

सव्वादोनला मी वाटी धुवायला उठलो. परत आलो तेव्हा तो तसाच होता, तोंड दाराकडे, डोळे अर्धे उघडे. मी माझा चष्मा काढून त्याच्या नाकापाशी धरला. काचेवर वाफ आली नाही. पुसून पुन्हा धरला.

तुम्ही विचाराल, शांतपणे गेले का? त्रास झाला का? शेवटी काही शोधत होते का? शांतपणे गेला असं लिहावंसं फार वाटतंय. सगळेच तसं सांगतात आणि त्यात कुणाचं काही बिघडत नाही. तुम्हालाही आज रात्री तेवढाच आधार झाला असता. पण मी त्या वेळी खोलीत नव्हतो वहिनी. नळ सुरू होता, माझी पाठ होती.

ते मला माहीत नाही.

धाकटा